कळसला होडी कुठली?

१

"बाई, कळसला कधी होडी बघितलीत का तुम्ही?"

फोन उचलल्याबरोबर हिंदुरावांनी हे विचारलं. नमस्कार नाही, तब्येत कशी नाही. हिंदुराव आता बारामतीच्या आमच्या महाविद्यालयात समाजशास्त्राचे विभागप्रमुख आहेत, पण मला ते अजून माझ्या वर्गात खिडकीजवळच्या बाकावर बसून पेरू खाणारे हिंदुरावच दिसतात.

"कळसला कालवा आहे," मी म्हटलं. "होडी कशाला असेल?"

"तेच म्हणतोय. आमच्या एका मुलीच्या अहवालात पाच म्हाताऱ्या होडीत बसल्यात. तुम्ही या. गाडी पाठवतो."

निवृत्त झाल्यापासून विभागात माझं जाणं क्वचितच. गेले की आधी कोपऱ्यातली खोली बघते. तिथे पूर्वी सायक्लोस्टाइलचं यंत्र होतं. प्रश्नावल्या काढताना पदराला शाई लागायची आणि घरी सासूबाई म्हणायच्या, "शिकवायला जातेस की छापखान्यात?" आता तिथे संगणक आहेत, आणि गारवा आहे.

टेबलावर अहवाल होता. विषय: 'लग्नानंतरचे पहिले वर्ष : इंदापूर तालुक्यातील ज्येष्ठ स्त्रियांच्या आठवणी'. विद्यार्थिनी उत्कर्षा, एम.ए.चं शेवटचं वर्ष. सहा मुलाखती. नियमाप्रमाणे बायकांची पहिली नावं बदललेली, पण आडनावं आणि राहती गावं दिलेली.

हिंदुरावांनी पहिली मुलाखत उघडून बोट ठेवलं. ती बाई कळसची. मी वाचलं : 'होडी मध्यावर आल्यावर तात्यांनी वल्हे थांबवले. मी ओंजळभर पाणी प्यायले आणि उरलेले माहेरच्या दिशेने उडवले.'

"आता दुसरी बघा."

दुसरीतही तेच. तिसरी, चौथी, पाचवी. तीच होडी, तेच वल्हं, तेच तात्या.

"पाच गावं, पाच आडनावं," हिंदुराव म्हणाले. "एकाही गावाला नदी नाही. मी स्वतः चौकशी केली, या घराण्यांचं एकमेकांशी नातं नाही, भावकी नाही. आणि पाचही नवऱ्या एकाच तात्याच्या होडीतून सासरी! पोरीनं घरी बसून एआयकडून लिहून घेतलंय सगळं."

समोर निकिता मॅडम बसल्या होत्या. तरुण प्राध्यापिका. मुलाखतीचं ध्वनिमुद्रण एआयला द्यायचं, त्यानं ते लिहून काढायचं, मुद्दे वेगळे करून द्यायचे, ही पद्धत विभागात त्यांनीच आणली. "यंत्र एकदा एका वाटेनं घसरलं की पुन्हा पुन्हा तिथंच घसरतं," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "मी वर्गात सांगितलं होतं मुलांना."

"सहावी तेवढी बरी आहे," हिंदुराव म्हणाले. "ऊस, कालवा, बचतगट, सगळं जागच्या जागी. ती एकच खरी असावी."

सोमवारी चौकशी समितीची बैठक होती. हिंदुराव, निकिता आणि बाहेरची म्हणून मी. बनावट ठरली तर उत्कर्षाचा निकाल रद्द. पुण्याच्या एका संशोधन संस्थेनं तिला निवडलं होतं आणि महिनाअखेर गुणपत्रिका मागितली होती. ती जागा तर जाणारच, पण खोटं लिहिणारी हा शिक्का कुठल्याही विद्यापीठात तिच्याआधी पोचला असता.

"आणि मुलगी काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हणते, मी सगळ्यांना भेटले. कोणाला भेटलीस विचारलं की तोंड शिवल्यासारखी गप्प."

२

उत्कर्षा इंदापूरची. वडील ट्रक चालवतात, सोलापूर रस्त्यावर. मुलगी सडपातळ, बोलताना नजर न हटवणारी.

"नावं सांग, आपण आत्ता जाऊन विचारू. पाच मिनिटांत सुटशील," मी म्हटलं.

"नाही सांगणार, बाई. तुमचं नाव कुठं बाहेर येणार नाही असं मी त्यांना म्हणाले होते. माझ्यावर बेतलं म्हणून त्यांची नावं उघडी करू?"

मला बरं वाटलं आणि काळजीही वाटली. आम्ही वर्गात हेच शिकवत होतो, पण त्यासाठी कुणी निकाल पणाला लावल्याचं मी पाहिलं नव्हतं.

"ध्वनिमुद्रण?"

"पुसलं. लिहून झालं की पुसायचं, असा नियम आहे. मॅडमनीच घालून दिलेला."

"आणि या बायका असं बोलतात? 'मी अत्यंत भावुक झाले'?"

ती पहिल्यांदा हसली. "ते एआयनं केलं, बाई. त्याला आपल्याकडची बोली चुकीची वाटते, सगळं सुधारून देतं. एक आजी मध्येच ओरडल्या, 'आगं थांब, म्हस सुटली!' तर यानं काय लिहावं? 'कृपया थांबा, म्हैस सुटली आहे.'"

मीही हसले. मग विचारलं, "या बायका तुला सापडल्या कशा?"

"पहिल्या आजी एसटीत भेटल्या. त्यांनी दुसरीकडं पाठवलं, दुसरीनं तिसरीकडं. पुस्तकात दिलीय तीच पद्धत."

"सहावीकडंही असंच कुणी पाठवलं?"

"हो," ती म्हणाली, आणि पिशवीचा बंद नीट करू लागली.

तिच्या वर्गातला ऋषिराज दाराबाहेरच उभा होता. ध्वनिमुद्रण एआयमध्ये घालण्याचं काम सगळ्यांसाठी तोच करायचा. मी त्याला आत बोलावलं.

"मला माहितीय तुमच्या मनात काय ते," बसण्याआधीच तो म्हणाला. "ती गेली की पहिला नंबर माझा. म्हणून मीच काहीतरी घोळ घातला असणार. व्हय का नाय?"

"घातलास का?"

"बाई, म्हाताऱ्यांचे आवाज मी माझ्या कानानं ऐकलेत. एकीच्या मागं कोंबडा आरवत होता. खोटंच करायचं तर एआय कोंबडा कशाला घालील?"

"सगळ्या मुलाखती तूच लिहून काढून दिल्यास?"

"शेवटची तिची तिनं केली. घाईत होती."

हिंदुरावांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, "मित्र आहे तिचा. कोंबड्याची साक्ष समितीपुढं कशी ठेवायची?"

त्यांचं बरोबर होतं. म्हाताऱ्या खऱ्या असल्या तरी होडीचा प्रश्न तसाच राहत होता.

३

अहवाल घरी आणला. दुपारी जेवण झाल्यावर आरामखुर्चीत बसून पुन्हा पहिल्यापासून वाचला, या वेळी एआय विसरून.

पाचही जणी बोलता बोलता वाट सोडत होत्या. एक उत्कर्षाला विचारत होती, 'तुमचा विवाह झाला आहे का?' दुसरी सुनेला चहा ठेवायला सांगत होती. नवऱ्याचा उल्लेख 'आमचे मालक', 'अविराजचे वडील' असा. भाषा परीटघडीची, पण आत माणसं हलत होती.

सहावी वरकुट्याची. तिच्यात म्हैस सुटत नव्हती. 'माझे पती रामहरी यांनी मला प्रत्येक निर्णयात साथ दिली,' असं ती सांगत होती. ऊस होता, कालव्याची पाळी होती, बचतगट होता. हिंदुराव म्हणत होते तसं सगळं जागच्या जागी.

पण माझं मन होडीवरून हटेना. माहेरच्या दिशेने उडवलेलं पाणी. हे मी कुठंतरी पाहिलं होतं.

नोकरीचं माझं ते पहिलंच वर्ष. उजनीचं धरण व्हायचं होतं. बुडणाऱ्या गावांची पाहणी करायला आमच्या विभागानं विद्यार्थी पाठवले आणि त्यांच्याबरोबर मला, कारण मुलींच्या सोबतीला बाईमाणूस हवं. एसटी सोडून पायवाटेनं भीमेपर्यंत जायचं. काठावरच्या कलिंगडांच्या वाड्यांतून कोणीतरी हाक मारायचं, "ओ मास्तरीणबाई, फोडू का?" आणि नको म्हणेपर्यंत कलिंगड दगडावर आपटून फोडलेलं असायचं. त्याची ती चव पुन्हा कुठल्याच कलिंगडाला आली नाही.

एकदा आम्ही पलीकडे जायला होडीत बसलो, तर आत एक नवरी होती. तिच्या मांडीवर शिदोरीची दुरडी. पात्राच्या मधोमध होडीवाल्यानं वल्हं उचलून धरलं. नवरीनं वाकून ओंजळ भरली, प्यायली, आणि राहिलेलं पाणी मागच्या काठाकडे उडवलं. मग होडी चालू झाली. आमच्या प्रश्नावलीत घरं, विहिरी, जनावरं, झाडं यांचे रकाने होते, त्यामुळे ते कागदावर आलं नाही. पण त्या मुलीच्या कोपरावरून ओघळणारं पाणी मला अजून दिसतं.

मी नंतर तिथल्या एका म्हाताऱ्याला विचारलं होतं, सगळीकडे असं करतात का? तो म्हणाला होता, "न्हाय. ही रीत आमच्याच गावची."

मी खुर्चीतून उठले. हिंदुरावांनी पाच गावं तपासली, पाच आडनावं तपासली. ती सगळी सासरची होती.

४

निकिता मॅडमच्या गाडीतून आम्ही कळसला गेलो. "पण नाव कुठं माहितीय आपल्याला?" त्या वाटभर विचारत होत्या.

मी नावाबद्दल कुणाला विचारलंच नाही. दुकानाच्या पायरीवर दोन बायका गवार निवडत होत्या. त्यांना म्हटलं, "धरणात गेलेल्या गावची एखादी लेक इथं दिलीय का?"

"सारजाकाकू की!" एक म्हणाली. "पाण्यातली म्हणत्यात तिला. ते बगा, डाळिंबाच्या बागंपल्याडचं घर."

इथे सांगून ठेवते, त्या बुडालेल्या गावाचं नाव मी लिहिणार नाही, आणि बायकांची नावं मी बदलली आहेत. उत्कर्षानं दिलेला शब्द मी कशी मोडू?

सारजाबाई अंगणात डाळिंबं वेगळी करत होत्या, मोठी एका क्रेटात, बारीक दुसऱ्यात. मी होडीचं नाव काढल्याबरोबर त्यांचा हात थांबला.

"तुमाला कुणी सांगितलं?"

"मी बसलेय त्या होडीत," मी म्हटलं.

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मंजी तुमी बी आमच्याच वयाच्या. या, बसा अशा हितं."

"तात्या कोण?"

"तात्या मंजी आमचा होडीवाला. समद्या लेकी त्यानंच पल्याड घातल्या. मधारला वल्हं उचलायचा आन् दुसरीकडं बगायचा. नवरी रडायला लागली तर आपुन बगू नये म्हणून."

निकिता मॅडमनी अहवालातली वाक्यं वाचून दाखवली. "आजी, पाच जणी अगदी एकसारखं कसं काय बोलल्या?"

सारजाबाई मोकळ्या हसल्या. "मग काय येगळं बोलतील? पंचमीला समद्या लेकी माहेरी जात्यात. आमचं माहेर पाण्यात. काय तितं पोहत जायचं? मग आमी जमतो, एका साली एकीच्या घरी, दुसऱ्या साली दुसरीच्या. सासरची माणसं म्हणत्यात, आल्या पाण्यातल्या. बसलो का तेच काढतो. तू काय बोललीस, मी काय बोलले. इतकी वरसं तेच तेच बोलून आमचं समद्यांचं एकच झालंय."

निकिता मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. यंत्र एका वाटेनं घसरतं असं त्या म्हणाल्या होत्या. ही वाट यंत्राची नव्हतीच. एसटीत भेटलेल्या एका लेकीनं पोरीला आपल्या मैत्रिणीकडे पाठवलं, तिनं पुढच्या मैत्रिणीकडे, आणि पोरगी नकळत एका बुडालेल्या गावातून चालत राहिली. अहवालात रकाना एकच, 'गाव'. त्यात माहेर विचारलेलं नव्हतं.

"सुटली मुलगी!" गाडीकडे येताना निकिता मॅडम म्हणाल्या. "आत्ताच सरांना फोन करते."

"थांबा." मी अंगणाकडे वळले. "सारजाबाई, पंचमीला किती जणी जमता तुम्ही?"

"सहा. पोरीला आमी एकीनं दुसरीकडं अशी समद्यांकडं धाडली की. शेवटली ठमी, वरकुट्याची."

मग वरकुट्याच्या मुलाखतीत होडी का नव्हती?

५

उत्कर्षाला मी घरी बोलावलं, एकटीलाच. चहा दिला. तिला वाटलं चांगली बातमी सांगायला बोलावलंय.

"तुझ्या पाचही मुलाखती खऱ्या आहेत. सोमवारी मी तसं सांगणार आहे."

तिनं कप खाली ठेवला.

"आता मला एक सांग. तुझी आजी आजोबांचं नाव घेते का?"

"नाही. फार मागं लागलं तर उखाण्यात घेते, तेही लाजत."

"तुझ्या पाचही आज्यांनी नवऱ्याचं नाव घेतलेलं नाही. वरकुट्याची मात्र सरळ म्हणते, माझे पती रामहरी. तिची म्हैस सुटत नाही, ती तुला लग्नाचं विचारत नाही. ती त्याच बुडालेल्या गावची लेक, आणि तिला होडी आठवत नाही. ऋषिराज म्हणतो, ही तेवढी तू स्वतः केलीस. अशी बाई मला एवढ्या वर्षांत एकही भेटली नाही, उत्कर्षा. तिच्यात आहे ते सगळं बहुतेक ठिकाणी असतं तेच. तिचं स्वतःचं काहीच नाही."

तिनं नजर अंगणाकडे वळवली. मग म्हणाली, "मी गेले होते ठमाबाईंकडं. खूप बोलल्या. लिहून आल्यावर वाचून दाखवायला परत गेले. दोन पानं ऐकली आणि म्हणाल्या, काढून टाक. का ते सांगितलं नाही. अहवाल द्यायची तारीख आलेली, सहा मुलाखती हव्याच होत्या. मी एआयला म्हटलं, वरकुट्याच्या वयस्क बाईची मुलाखत दे. त्यानं दिली. सगळे म्हणतात तीच चांगली झालीय."

"मी सोमवारी फक्त पाचांबद्दल बोलेन. सहावीचं तू बोलायचंस."

"आणि नाही बोलले तर?"

"तर मला बोलावं लागेल. पण मला ते तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"पुण्याची जागा जाईल, बाई."

"हो. जाईल बहुतेक."

कप न उचलताच ती गेली. ती येईल की नाही, मला सांगता आलं नसतं.

६

सोमवारी हिंदुरावांनी माझं म्हणणं ऐकलं आणि डोक्याला हात लावला. "माहेर! अहो, माझी आई आयुष्यभर माहेरच्या नावानं ओळखली गेली गावात, आणि मी आडनावं तपासत बसलो." मग ते उत्कर्षाकडे वळले. "पोरी, चुकलो आम्ही. मिटलं. सहाच्या सहा मंजूर."

ऋषिराज दारातून आत डोकावत होता. निकिता मॅडम हसत होत्या. उत्कर्षा उभी राहिली. टेबलाची कड तिनं घट्ट धरली होती.

"सर, सहावी माझी नाही. ती एआयनं लिहिलीय. मी लिहायला लावली."

हिंदुराव माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

"गप्प राहिली असतीस तर कुणाला कळलं नसतं," ते अखेर म्हणाले. त्यात राग नव्हता.

"मला कळलं होतं, सर."

ठरलं ते असं : पाच मुलाखती ग्राह्य, सहावी रद्द. तिनं खरी सहावी आणेपर्यंत निकाल थांबवायचा; शिक्का नाही, पण गुण कमी होतील. पुण्याच्या संस्थेला निकिता मॅडमनी फोन करून पाहिला. ते सभ्यपणे म्हणाले, तारीख पाळता येत नसेल तर जागा पुढच्या मुलीला जाईल, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा. उत्कर्षा ते ऐकून एकटीच मैदानाला एक चक्कर मारून आली. परतल्यावर तिनं मला विचारलं, "बाई, वरकुट्याला येता का माझ्याबरोबर? मला एकटीला भीती वाटते."

ठमाबाईंनी तिला पाहताच पदर खोचला. "पुन्हा आलीस व्हय गं? काढून टाक म्हणले व्हते ना?"

"टाकलं, आजी. पण का म्हणालात तेवढं सांगा."

"का मंजी? तू वाचून दावलीस ती बाई कोण व्हती? 'मी अत्यंत भावुक झाले'! आगं, म्या जल्मात कंदी भावुक झाली न्हाय. तालुक्याची सायबीण बोलावी तसं बोलत व्हती. म्हणलं, हिला काढ. माझ्या तोंडात दुसऱ्याची जीभ नगं."

उत्कर्षानं फोन पिशवीत टाकला आणि कागद काढला. ठमाबाई बोलत गेल्या, ती लिहीत गेली, हाय ते हाय, न्हाय ते न्हाय. मध्येच त्या उठून शेळीला दोरी बांधून आल्या, तेही तिनं लिहिलं. होडीपाशी आल्यावर ठमाबाई म्हणाल्या, त्यांनी पाणी उडवलं नव्हतं, तात्याच्या अंगावर फेकलं होतं, कारण होडी परत फिरव म्हटलं तर तो फिरवीना. "त्या पाच जणी पंचमीला म्हणत्यात, तू बी उडवलंस. म्या म्हणते, उडवलं आसंल बया. पर फेकलं व्हतं."

सगळं झाल्यावर उत्कर्षानं वाचून दाखवलं. ठमाबाई डोळे मिटून, एका हातानं गुडघा दाबत ऐकत होत्या. एक-दोनदा ओठ हलले, जणू पुढचं वाक्य त्या आधीच म्हणत होत्या. संपल्यावर त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. उत्कर्षाचा चेहरा उतरला.

मग त्यांनी घराकडे तोंड करून सुनेला मोठ्यानं हाक मारली. "मनिषा! आगं ए मनिषा! भाकरी ऱ्हाऊ दे तव्यावर, हिकडं ये." सून पिठाच्या हातानं दारात आली.

"पोरी, पयल्यापास्नं वाच," ठमाबाई उत्कर्षाला म्हणाल्या. "हिनं ऐकलं न्हाय."